सांथीच्या दिवसांतील शाळा

शाळा म्हणजे केवळ चार भिंती नव्हेत, असें आपण नेहमीं ऐकतों. परंतु ह्या वाक्याची खरी परीक्षा सांथीच्या दिवसांत होते. गांवांत रोग शिरला, दारें बंद झालीं, विद्यार्थी पांगले, म्हणजे शाळेचें काय उरतें? औंध येथें घडलेल्या एका गोष्टीवरून ह्याचा विचार करूं.

सातारा जिल्ह्यांतील औंध हें १९४८ पर्यंत पंतप्रतिनिधींच्या संस्थानाचें मुख्य ठिकाण होतें. तेथें गरीब विद्यार्थ्यांना विनामूल्य शिक्षण मिळे व त्यांच्या जेवणाचीही सोय होई. पालगडचा पांडुरंग सदाशिव साने हा मुलगा दापोलीच्या मिशन शाळेंत शिकत होता. घरच्या गरिबीमुळें तेथील शिक्षण पुढें चालेना, म्हणून ह्या सोयीच्या आशेनें तो औंधास आला. तेथें पुष्कळ हाल सोसून त्यानें अभ्यास चालविला. इतक्यांत गांवांत प्लेग उद्भवला आणि विद्यार्थ्यांना आपापल्या घरीं पाठविण्यांत आलें. अशा मुलाच्या हातून पुस्तक आणि ताट दोन्ही एकाच वेळीं गेलीं! तरीही त्यानें धीर सोडला नाहीं. पुढें त्यानें पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयांत नांव घातलें व १९१८ सालीं तो मॅट्रिक झाला. हेच आपले साने गुरुजी. परंतु त्याच्यासारखें दुसरें गांव गांठून पुन्हां आरंभ करणें सर्वांनाच कोठून साधणार?

मग शाळा बंद करणें चुकीचें होतें काय? तसें नाहीं. रोग कोणत्या वाटेनें येतो, हें प्रथम पाहिलें पाहिजे. मुंबईंत १८९६ सालीं प्लेग आला. त्याचा जंतु येर्सिन ह्या शास्त्रज्ञानें १८९४ सालींच हाँगकाँग येथें शोधिला होता. आणि उंदराच्या अंगावरील पिसवा तो माणसांत नेतात, हें सीमाँ ह्यानें १८९८ सालीं दाखविलें. उंदीर पडूं लागले कीं लोक घरें सोडून माळावर झोपड्या बांधून राहत, त्यांतील मर्म हेंच. उंदीर व पिसवा मागें राहत आणि माणसें वांचत. अशा रोगांत बंद खोलीपेक्षां मोकळ्या माळावरील झाडाची सावलीच वर्गाला बरी.

कोरोनाची वाट निराळी होती. तो माणसाच्या श्वासांतून दुसऱ्या माणसाकडे जाई. म्हणून नुसतें घर सोडून भागण्यासारखें नव्हतें, माणसांनीं एकमेकांपासून दूर राहणें अवश्य होतें. मार्च २०२० मध्यें महाराष्ट्रांतील शाळा बंद झाल्या, तेव्हां शिक्षकांनीं दूरध्वनीवरून धडे पाठविले, आणि त्याच वर्षीं सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमाला सुरू झाली. शाळेंत जेवण मिळणाऱ्या मुलांच्या घरीं तांदूळ व डाळी देण्याचीही व्यवस्था झाली. मात्र ज्या घरीं असा दूरध्वनी नव्हता, किंवा एकच असून तो बाप कामावर घेऊन जाई, तेथें धडा पोहोंचला नाहीं.

ह्या दोन्ही सांथींचें शिकवणें एकच आहे. शाळेची जागा रोगाच्या स्वभावाप्रमाणें बदलावी. जरूर तर ती कांहीं काळ बंदही ठेवावी. परंतु शिकण्याचा धागा तुटूं देऊं नये. आणि तो प्रथम गरिबाच्या घरीं तुटतो, म्हणून सांथीची व्यवस्था त्याच्यापासून आरंभावी. कोणाच्या घरीं कोणतें साधन आहे, कोण शाळेंतील जेवणावर अवलंबून आहे, कोणता मुलगा परगांवचा आहे, ह्याची यादी शिक्षकांनीं रोग येण्यापूर्वींच करून ठेवावी. सुखवस्तु मुलाला बंद शाळा म्हणजे लांबलेली सुटी. पण गरीब मुलाला तोच शिक्षणाचा शेवट ठरूं शकतो.

पालकांनीं आजारी मुलाला हजेरीच्या लोभानें शाळेंत धाडूं नये, आणि निरोगी मुलाला रिकामा वेळ आहे म्हणून कायमचें कामाला जुंपूं नये. विद्यार्थिमित्रहो, तुम्हांलाही एक काम आहे. शाळा पुन्हां उघडेल त्या दिवशीं आपल्या बांकावरील सोबती आला आहे कीं नाहीं, तें पाहा. नसला तर त्याच्या घरीं जा, त्याचा हात धरून त्याला घेऊन या. तो वर्गांत येऊन बसला, म्हणजेच शाळा खरी उघडली असें समजा.