धर्मग्रामाचे फादर : नगर जिल्ह्यातील ग्रामीण मिशनचा दिनक्रम

धर्मग्राम हा कॅथलिक धर्मसभेचा सर्वांत लहान घटक. एक चर्च, त्याच्या आसपासची ठरावीक गावे, त्या गावांतील कॅथलिक कुटुंबे आणि या सर्वांची जबाबदारी असलेला एक प्रमुख धर्मगुरू मिळून धर्मग्राम होतो. वसई किंवा गोव्यात एका मोठ्या गावाचा एक धर्मग्राम असू शकतो, कारण तिथे कॅथलिक वस्ती दाट आहे. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात तसे नाही. राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर, नेवासे, शेवगाव या तालुक्यांत ख्रिस्ती घरे गावागणिक पाच-दहा, कुठे तीस-चाळीस अशी विखुरलेली आहेत. चर्च एका गावात आणि माणसे वीस गावांत. इथल्या फादरांच्या कामाला जे रूप आले आहे, ते या विखुरलेपणातून.

या मिशनची सुरुवात १८७८ च्या सुमारास राहुरी तालुक्यातील वळण-केंदळ परिसरात झाली. ती जर्मन जेझुइटांनी, म्हणजे येशूसंघीय धर्मगुरूंनी केली. काळ १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळाचा होता. अमेरिकन मराठी मिशन हे प्रॉटेस्टंट मिशन नगरमध्ये १८३१ पासून काम करत होते. कॅथलिक त्यांच्या मागून आले. दोन्हींकडे आलेली माणसे मुख्यतः गावकुसाबाहेरची, महार आणि मांग समाजांतील होती. पोर्तुगीज अमलात ख्रिस्ती झालेल्या वसईकरांची आडनावे डाबरे, परेरा, डिमेलो अशी मिसळीची आहेत. नगरकडचा ख्रिस्ती मात्र गायकवाड, शिंदे, भालेराव असाच राहिला. आडनाव, बोली, पोशाख, शेतावरची मजुरी यांपैकी काहीच बदलले नाही. परदेशी फादरांना त्यामुळे या माणसांच्याच भाषेत उतरावे लागले, आणि पुढे त्यांच्यातल्या काहींनी मराठीची मनापासून सेवाही केली. ‘निरोप्या’ हे मासिक फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केले. चार वर्षांनी ते पुण्याचे बिशप झाले. या परंपरेचा मूळ पुरुष गोव्यातला. १६१६ मध्ये मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापणारे इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स साष्टीच्या खेड्यांतच काम करत होते.

फादरांचा दिवस पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. पहिला तास मौन चिंतनाचा असतो, आणि जेझुइटांच्या दिनक्रमात त्याला फार महत्त्व आहे. त्यानंतर प्रातःप्रार्थना. प्रत्येक धर्मगुरूला रोज प्रार्थनाग्रंथातील स्तोत्रे आणि वाचने ठरलेल्या वेळांना म्हणावी लागतात, मग तो चर्चमध्ये असो, एस.टी.त असो की तहसील कचेरीच्या बाकावर. साडेसहा-सातला मिस्सा, म्हणजे वेदीवर भाकर आणि द्राक्षारस अर्पण करण्याचा उपासनाविधी. रविवारखेरीज इतर दिवशीच्या मिस्सेला सिस्टर, बोर्डिंगची मुले आणि आसपासची दहा-बारा माणसे असतात. १९६५ पूर्वी हीच मिस्सा लॅटिनमध्ये चालत असे. फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करत आणि लोक आपापली जपमाळ ओढत बसत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) लोकभाषेला वाट दिली. मिस्सा मराठीत आली, तिच्यामागून पेटी, तबला आणि टाळही आले. नारायण वामन टिळकांची भजने प्रॉटेस्टंट घराण्यातली. पण खेड्यातल्या कॅथलिक माणसाला ती आपलीच वाटतात.

न्याहारीनंतर कचेरी. इथे धर्माचे काम थोडे आणि प्रपंचाचे फार. कुणाला मुलाला बोर्डिंगमध्ये घालायचे असते, कुणाला दवाखान्यासाठी चिठ्ठी हवी असते, कुणाचा जावई मुलीला नांदवत नसतो, कुणाच्या बांधाचे भांडण तलाठ्यापर्यंत गेलेले असते. फादर न्यायाधीश नसतात, वकीलही नसतात. तरीही दोन्ही बाजू त्यांच्यापुढे बसतात, कारण ते कुणाचे भाऊबंद नाहीत आणि गावात त्यांची जमीनही नाही.

कचेरीतल्या कपाटात धर्मग्रामाची खरी दौलत असते, ती म्हणजे नोंदवह्या. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या स्वतंत्र वह्या ठेवणे धर्मसभेच्या कायद्याने बंधनकारक आहे. बाप्तिस्म्याची वही नुसती जन्माची यादी नसते. तीत मुलाचे नाव, आईवडील, धर्ममातापिता, तारीख आणि संस्कार देणाऱ्याचे नाव असतेच. शिवाय शेऱ्यासाठी कडेला जागा सोडलेली असते. या मुलाचे पुढे दृढीकरण झाले, लग्न झाले किंवा तो स्वतः धर्मगुरू झाला, तर ती माहिती जिथे बाप्तिस्मा झाला त्या धर्मग्रामात पाठवली जाते आणि त्याच ओळीच्या शेऱ्यात लिहिली जाते. पिंपरी-चिंचवडला कारखान्यात लागलेल्या मुलाचे लग्न तिकडे झाले, तरी त्याची चिठ्ठी गावाकडच्या वहीत येऊन पोचते. लग्नाआधी ताजा बाप्तिस्म्याचा दाखला मागतात तो याचसाठी. मुलगा किंवा मुलगी आधी विवाहित असेल तर शेऱ्यात दिसते. शिवाय लग्नापूर्वीच्या रविवारी मिस्सेत वधूवरांची नावे वाचली जातात आणि कुणाची हरकत असेल तर कळवायला सांगितले जाते. जिथे जन्माची सरकारी नोंद होत नसे, तिथे शाळेत नाव घालताना या वहीचाच आधार होता.

याच वहीत एक दुखणेही दडलेले आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला. तो पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती झालेल्यांना मिळाला नाही. ज्याच्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिले नाही, त्याची वस्ती, काम आणि गावातली जागा बाप्तिस्म्याने बदलली नाही, सवलत मात्र गेली. म्हणून अनेक कुटुंबांनी शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि चर्चच्या वहीत दुसरा असे दुहेरी जगणे पत्करले. फादरांकडे दाखला मागायला आलेला तरुण कोणत्या कोंडीत आहे, हे त्यांना पुरते ठाऊक असते. हा अन्याय आहे, आणि तो दूर करण्यासाठीच्या मोर्चांत व निवेदनांत ग्रामीण फादर वर्षानुवर्षे सहभागी होत आले आहेत.

दुपार उतरली की फेरी निघते. आठवड्यातून चार-पाच दिवस संध्याकाळी फादर एकेका गावाला जातात. पूर्वी घोड्यावर, मग सायकलवर, नंतर मोटारसायकलवर. सोबत मिस्सेची पिशवी असते. तीत चषक आणि तबकडी, गळ्यात घालायचा पट्टा, पांढरा झगा, मिस्साग्रंथ, दोन मेणबत्त्या, बिनखमिराच्या गव्हाच्या पापडासारख्या पातळ भाकरी आणि द्राक्षारसाची छोटी बाटली एवढे सामान. गव्हाखेरीज दुसरे पीठ आणि द्राक्षाखेरीज दुसरा रस चालत नाही. बाजरीच्या मुलखातही हा नियम तोच आहे. गावात चर्च नसेल तर समाजमंदिरात, नसेल तर कुणाच्या अंगणात टेबल मांडतात, वर धुतलेली चादर घालतात. बायाबापड्या शेतावरून परतून चूल पेटवून येईपर्यंत आठ वाजतात, म्हणून मिस्सेची वेळ घड्याळावर ठरत नाही. ‘जय ख्रिस्त, फादर’ म्हणत एकेक जण येऊन बसतो. मिस्सेआधी बाजूला खुर्ची टाकून पापनिवेदन ऐकले जाते. तिथे ऐकलेले कुणालाही, कोर्टालाही, कधीही न सांगण्याचे बंधन धर्मगुरूवर आहे.

मिस्सेनंतर घरभेटी. हाच या कामाचा गाभा म्हणावा लागेल. आजारी माणसाला तेलाचा अभ्यंग दिला जातो. हे तेल बिशप ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहाच्या सुमारास आशीर्वादित करतात आणि फादर ते वर्षभर जपून ठेवतात. बाळंतिणीला आशीर्वाद, नव्या घरावर पवित्र पाणी, रुसलेल्या भावाची समजूत आणि शेवटी कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरी. जेवायला न थांबता निघून गेलेले फादर गावाला परके वाटतात. मध्यरात्री कुणी अत्यवस्थ असल्याचा निरोप आला तर उठून जावे लागते. लहान डबीत ख्रिस्तप्रसाद घेऊन केलेला हा प्रवास फादर टाळत नाहीत.

रविवारचा हिशेब वेगळा. धर्मगुरूने दिवसाला एकच मिस्सा अर्पण करावी असा सर्वसाधारण नियम आहे. धर्मगुरू कमी असतील तर बिशपांच्या परवानगीने रोज दोन आणि गरज पडल्यास रविवारी व सणाला तीन चालतात, त्याहून जास्त नाहीत. वीस गावांना तीन मिस्सा पुरत नाहीत. म्हणून बहुतेक गावांना फादर महिन्यातून एकदाच भेटतात.

मग उरलेले दिवस ही गावे कुणी सांभाळली? मास्तरांनी. मिशनच्या इतिहासात परदेशी फादरांची नावे आणि छायाचित्रे आहेत, मास्तरांची क्वचितच. पण सगळा डोलारा त्यांच्यावर उभा होता. मास्तर म्हणजे मिशनने तुटपुंज्या पगारावर नेमलेला गावातला धर्मशिक्षक. सकाळी तो एकशिक्षकी शाळेत पोरांना अक्षरे शिकवी, संध्याकाळी कंदील लावून मोठ्यांकडून प्रार्थना घोकून घेई. कोण आजारी, कुणाचे मूल बाप्तिस्म्याचे राहिले, कोण दारूला लागले, ही सारी खबर त्याच्याकडे असे. फादर वेळेवर पोचले नाहीत तर तोच प्रेताला माती देई, आणि मरणोन्मुख बाळाला बाप्तिस्माही देई. प्राणावर बेतले असता बाप्तिस्मा कुणीही देऊ शकतो, असा धर्मसभेचा नियमच आहे. महार-मांगांच्या पोरांना पाटी हातात देणारा पहिला माणूस कित्येक वाड्यांवर हा मास्तर होता. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, त्यांच्या शाळा वाड्यावस्त्यांवर पोचल्या आणि मिशनच्या छोट्या शाळा ओसरल्या. तेव्हा मास्तरांची पिढीही हळूहळू संपली. आज त्यांची जागा काही प्रमाणात सिस्टर, स्वयंसेवक धर्मशिक्षक आणि महिला मंडळे घेतात. पण गावात मुक्कामाला असलेला माणूस राहिला नाही, याची उणीव जाणवते.

कमी पावसाचा मुलूख असल्यामुळे फादरांचे काम वेदीपाशी थांबू शकले नाही. १९७२ च्या दुष्काळात कामाच्या मोबदल्यात धान्य देऊन विहिरी आणि बांध यांची कामे चालली. स्विस जेझुइट फादर हर्मन बाखर १९४८ मध्ये भारतात आले. नगर जिल्ह्यात लोकांबरोबर राहून त्यांना उमगले की एकेका विहिरीला पैसे देऊन भागत नाही. माथ्यापासून पायथ्यापर्यंत अख्खे पाणलोट क्षेत्र गावाने मिळून राखले पाहिजे. त्यातून इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला आणि १९९३ मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह ‘वॉटर’ ही संस्था. त्यांच्या कामाचा लाभ घेणारी बहुसंख्य गावे ख्रिस्ती नव्हती, आणि फादरांनी तसा भेद कधी केला नाही. २०२१ मध्ये फादर बाखर यांचे निधन झाले.

वर्षाच्या कामाला उपवासकाळ, ईस्टर, नाताळ अशी वळणे असतात. उपवासकाळात शुक्रवारी क्रुसाची वाट, नाताळात गावोगाव गाणी. सर्वांत मोठी धांदल मात्र सप्टेंबरमध्ये. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव साखर कारखान्यामुळे उभे राहिले, आणि तिथे १९४९ पासून मतमाउलीची यात्रा भरते. ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मदिनाच्या आसपास जिल्ह्याबाहेरूनही हजारो माणसे येतात, पायी येणारेही पुष्कळ, आणि त्यांत केवळ ख्रिस्तीच नसतात. आधीचा नोव्हेना म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, पापनिवेदनाच्या लांब रांगा, पाणी, मांडव, हरवलेली पोरे यांत आसपासच्या सगळ्या धर्मग्रामांचे फादर गुंतलेले असतात.

आता परदेशी फादर उरलेले नाहीत. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांनी जर्मन जेझुइटांना नजरकैदेत ठेवले आणि मायदेशी पाठवले, तेव्हा माणसांची पहिली चणचण भासली. नंतर स्विस आणि पुन्हा जर्मन फादर आले. स्वातंत्र्यानंतर वसई, गोवा, मंगळूर, केरळ आणि खुद्द नगरच्या वाड्यांतून आलेल्यांनी काम हाती घेतले. १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हा पहिले बिशप झाले थॉमस भालेराव.

फादरांची बदली काही वर्षांनी होते. बदलीच्या वेळी नव्या फादरांना चर्चच्या किल्ल्या, नोंदवह्या, जमाखर्चाची वही आणि गावांची यादी दिली जाते. यादीत प्रत्येक गावापुढे घरांची संख्या असते आणि मिस्सा कुणाच्या अंगणात होते, त्या घराचे नाव. पहिल्या आठवड्यात जुने फादर नव्यांना मोटारसायकलवर मागे बसवून ही घरे दाखवतात.