हिमकण म्हणजे पहिला नंबर नव्हे

जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या गटांवर ऑक्टोबरात दोन विषय एकदमच निघतात. एक दिवाळीच्या कार्यक्रमाची नावनोंदणी, दुसरा विंटर टायर. नुकताच सेकंडहँड गाडी घेतलेला कुणीतरी दोन स्वस्तातल्या टायरांचे फोटो टाकतो, समजा एक क्लेबरचा क्रिसाल्प आणि दुसरा बारूमचा पोलारिस, आणि विचारतो, "दादा, यातला कुठला घेऊ?" उत्तर यायला वेळ लागत नाही. "दोन्हींवर स्नोफ्लेक आहे ना? मग बर्फात दोन्ही सारखेच. लेबलवर ज्याची अक्षरं वरची, तो घे." या उत्तराला भराभर अंगठे मिळतात आणि विषय मिटतो.

उत्तर धडधडीत चुकीचं आहे. दरवर्षी तेच चुकीचं उत्तर त्याच आत्मविश्वासाने दिलं जातं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ते चिन्ह घेऊ. टायरच्या बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या पोटात हिमकण असतो. हे चिन्ह मिळवायला टायरला बर्फावरची एक चाचणी द्यावी लागते. मोटारींच्या टायरसाठी ती सहसा ब्रेकची असते. दाबून घट्ट केलेल्या बर्फावर गाडीचा वेग ताशी 25 किलोमीटरवरून 10 वर येईपर्यंत ती किती जोरात मंदावते, ते मोजतात आणि त्याची तुलना एका ठरलेल्या संदर्भ टायरशी करतात. त्याच्यापेक्षा किमान 7 टक्के सरस ठरला की चिन्ह मिळालं. हा संदर्भ टायर कुणी कसलेला हिवाळी पैलवान नाही, साधा बारमाही वळणाचा टायर आहे.

म्हणजे ही दहावीची 35 टक्क्यांची रेघ झाली. 36 वाला पास आणि 92 वालाही पास, आणि चिन्ह दोघांना एकच. त्यावर गुण लिहिलेले नसतात. 'दोन्हींवर स्नोफ्लेक आहे, म्हणून बर्फात दोन्ही सारखे' असं म्हणणारा माणूस दोन्ही मुलं पास झाली म्हणून दोघांचे गुण सारखे धरतो. त्यातही ही चाचणी सरळ रेषेतली आणि कोऱ्या टायरची. वळणावर टायर किती धरून राहतो, अर्धवट वितळलेल्या चिखलबर्फात काय करतो, काचेसारख्या गोठलेल्या रस्त्यावर काय करतो, दोन हिवाळे झिजल्यावर काय करतो, यातलं काहीच हिमकण सांगत नाही. बऱ्याच ऑल-सीझन टायरांवरही हाच हिमकण असतो, एवढं ध्यानात घेतलं तरी पुरे.

आता लेबल. युरोपीय संघाचं सध्याचं टायर-लेबल 1 मे 2021 पासून लागू आहे. त्यावर तीन गोष्टी मोजून दिलेल्या असतात. इंधनाची बचत, म्हणजे टायर घरंगळताना होणारा विरोध, 'ए' ते 'ई'. ओल्या रस्त्यावरची पकड, तीही 'ए' ते 'ई'. आणि आवाज, डेसिबलमध्ये. खाली हिमकणाचं चित्र असलं तर असतं, त्याला अक्षर नाही. आता मला कुणीतरी दाखवा, यात बर्फातली कामगिरी कुठे लिहिली आहे. ओल्या पकडीचं अक्षर पाण्याने भिजवलेल्या डांबरावरच्या चाचणीतून येतं, बर्फावरच्या नव्हे. आवाजाचा आकडा गाडी बाजूने जाताना रस्त्यावर मोजलेला असतो, त्यावरून गाडीच्या आत किती घुमेल ते कळत नाही. शिवाय ही अक्षरं कंपनीने स्वतः मोजून जाहीर केलेली असतात, सरकारी यंत्रणा नंतर तपासते.

खरी मेख पुढे आहे. टायर बनवणाऱ्याला सगळं एकाच वेळी साधत नाही. बर्फावरची पकड नुसत्या रबराच्या चिकटण्यातून येत नाही, ती बरीचशी अडकण्यातून येते. विंटर टायर हातात घेऊन जवळून बघा. रुंद खाचांच्या मधल्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने ओढल्यासारख्या बारीक, नागमोडी चिरा दिसतील. जर्मन मेकॅनिक त्यांना 'लामेलन' म्हणतो. अंगठ्याने ठोकळा रेटला की चिरा उघडतात. बर्फावर नेमकं हेच होतं. उघडलेल्या कडा बर्फात रुततात, खाचांमध्ये बर्फ दाबून बसतो आणि त्या बर्फाला खालचा बर्फ धरून ठेवतो. रबरही थंडीत कडक होऊ नये म्हणून मऊ मिश्रणाचं असतं.

पण तोच लवचीक ठोकळा कोरड्या डांबरावर डुलतो आणि ब्रेकचं अंतर वाढतं. चिरा कमी आणि ठोकळे भक्कम ठेवले, तर कोरड्यावर टायर ताठ राहतो आणि बर्फात उघडा पडतो. घरंगळण्याचा विरोध कमी करायला मिश्रण बदललं, तर ओल्या पकडीला झळ बसू शकते. महागड्या टायरांत संशोधनावर पैसा ओतून ही ओढाताण बरीच मिटवलेली असते. स्वस्त टायरांत कुठेतरी तडजोड दिसतेच. म्हणून दोन स्वस्त टायरांची तुलना म्हणजे खरं तर कुणी कुठे तडजोड केली याचा शोध.

समजा एकाच मापाचे दोन टायर आहेत. पहिल्याचं इंधनाचं अक्षर 'बी', ओल्या पकडीचं 'सी'. दुसऱ्याचं बरोबर उलटं. गटावरचे तज्ज्ञ यावर तासभर वाद घालतील. मला विचाराल तर एवढ्या माहितीवर मी दुसरा घेईन, कारण इंधनातली बचत महिन्याला काही युरोंची असेल, आणि ओल्या रस्त्यावरचं अंतर मीटरमध्ये मोजतात. ताशी 80 वरून कचकन ब्रेक दाबला, तर 'ए' आणि 'ई'मधला फरक 18 मीटरपर्यंत जाऊ शकतो. चार गाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढी ती जागा. पण यातला बर्फात कुठला चांगला, हे मला त्या लेबलवरून सांगता येणार नाही, आणि त्या दादांनाही नाही.

मग कळणार कुठून? स्वतंत्र चाचण्यांतून. आडेआत्से, म्हणजे जर्मन मोटारचालकांची संघटना, दरवर्षी हिवाळ्याआधी टायर-चाचणी जाहीर करते. त्यात कोरडा रस्ता, ओला रस्ता, बर्फ आणि गोठलेला रस्ता यांचे निकाल वेगवेगळ्या रकान्यांत असतात. 2023 पासून एकूण गुणांत 70 टक्के वजन सुरक्षिततेला आणि 30 टक्के पर्यावरणाला आहे. पर्यावरणात झीज, इंधन आणि आवाज येतात. जर्मन गुणपद्धतीत लहान आकडा चांगला, हे नव्याने आलेल्यांनी विसरू नये. 4.5 पाहून खूश झालेले लोक असतात.

एकूण गुणांवर थांबू नका, रकाने वाचा. तुम्ही राहता कुठे यावर उत्तर बदलतं. ड्युसेलडॉर्फ, कोलोन किंवा हॅम्बुर्गला हिवाळा म्हणजे मुख्यतः पाऊस आणि ओलं डांबर, तेव्हा तिथे ओल्याचा रकाना आधी. आल्गॉयमध्ये राहत असाल, किंवा म्युनिकहून दर शनिवार-रविवारी तिरोलला स्कीइंगला पळत असाल, तर बर्फाचा रकाना आधी. एकच टायर पहिल्यासाठी शहाणपणाचा आणि दुसऱ्यासाठी बावळटपणाचा ठरू शकतो. आणि निकाल बघताना माप आणि आवृत्ती दोन्ही जुळवा. क्रिसाल्प एचपी2 आणि एचपी3 हे वेगळे टायर आहेत, पोलारिस 3 आणि पोलारिस 5 हेही. '205/55 आर 16'चा निकाल छोट्या हॅचबॅकच्या टायरला जसाच्या तसा चिकटवू नये. लेबलवरची अक्षरंसुद्धा मापागणिक बदलतात.

दुसरा आवडता सिद्धान्त: "अरे, क्लेबर म्हणजे आतून मिशेलिनच, आणि बारूम म्हणजे कॉन्टिनेंटल. नुसता शिक्का वेगळा." अर्धं खरं आहे, म्हणून जास्त त्रासदायक. क्लेबर मिशेलिनच्या समूहात आहे. बारूमचं नाव बाटा, रुबेना आणि मितास या तीन कंपन्यांच्या आद्याक्षरांतून आलं. होय, शाळेत आपण ज्यांचे बूट घातले तेच झेक बाटा. 1993 मध्ये बारूम कॉन्टिनेंटलबरोबर गेली आणि झेक प्रजासत्ताकातल्या ओट्रोकोवित्सेच्या कारखान्यात कॉन्टिनेंटलचेही टायर बनतात. पण एका छपराखाली बनले म्हणून दोन टायर एक होत नाहीत. रबराचं मिश्रण वेगळं, नक्षी वेगळी, आणि दुसऱ्या फळीच्या नावाखाली बहुधा आधीच्या पिढीचं तंत्र येतं. ते वाईट असतं असं नाही. पडताळलेलं, साधं तंत्र योग्य किमतीत मिळत असेल तर जरूर घ्यावं. फक्त मिशेलिन स्वस्तात मारला असं मिरवू नये. ज्यांना देशाभिमानावर टायर निवडायचा आहे त्यांच्यासाठी, डच फ्रेडेस्टाइन 2009 पासून आपल्या अपोलोकडे आहे. त्याचाही चाचणीचा रकाना बघूनच निर्णय घ्यावा.

बाकीचे गैरसमज आता भराभर.

"एम+एस लिहिलंय, म्हणजे विंटर टायर." आता नाही. 1 ऑक्टोबर 2024 पासून जर्मनीत हिमकणाच्या चिन्हाशिवाय टायर हिवाळी धरला जात नाही. 2017 अखेरपर्यंत बनलेल्या एम+एस टायरांची सवलत तेव्हा संपली.

"ऑक्टोबर ते ईस्टर विंटर टायर लावलेच पाहिजेत, असा कायदा आहे." ते लक्षात ठेवायचं सूत्र आहे. कायदा तारखेवर नव्हे, रस्त्यावर चालतो. बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला रस्ता असेल तेव्हा सक्ती, मग तो एप्रिल का असेना. पकडले गेलात तर 60 युरो आणि एक पॉइंट. गाडी तुमच्या नावावर आणि चालवत होता मित्र, तर तुम्हालाही 75.

"माझी फोर-व्हील ड्राइव्ह आहे." सुटायला उपयोग होतो. थांबायला नाही, ब्रेक तर प्रत्येकाच्याच गाडीच्या चारही चाकांना लागतात.

"पुढच्या दोनच चाकांना लावले." मग वळणावर मागची बाजू पुढे येते. चारच घ्या.

"थंडीत हवा कमी ठेवली की पकड वाढते." थंडीने ती आपोआपच उतरते, 10 अंशांमागे साधारण 0.1 बार. तुम्ही आणखी काढू नका.

"दोन संच म्हणजे दुप्पट खर्च." विंटर टायर धावतात तेव्हा समर टायर तळघरात विश्रांती घेतात, त्यांची झीज थांबते. जास्तीचा खर्च चाकं बदलण्याचा आणि साठवणुकीचा.

"दुकानदाराने गेल्या वर्षीचा टायर दिला, फसवलं." बाजूच्या भिंतीवर डॉट क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. '3524' म्हणजे 2024 मधला पस्तिसावा आठवडा. नीट साठवलेला न वापरलेला टायर तीन वर्षांपर्यंत इथल्या व्यापारात नवाच मानतात. जुनं उत्पादन आहे म्हणून सूट मात्र मागा, मिळते.

"पुण्याहून मनालीला जातोय, विंटर टायर बसवू?" नको. आठवड्याच्या सहलीसाठी पुण्याच्या उन्हात मऊ रबर झिजवायची गरज नाही. बर्फ लागला तर तिथली साखळी लावलेली टॅक्सी करा.

शेवटचा गैरसमज वापरलेला संच घेणाऱ्यांचा: "नक्षी 1.6 मिलीमीटर आहे, कायद्यात बसते." जर्मनीत बसते, पण आडेआत्से विंटर टायरला किमान 4 मिलीमीटर सुचवते, आणि ऑस्ट्रियात 4 च्या खालचा टायर हिवाळी धरतच नाहीत. तपासायला दोन युरोचं नाणं खाचेत उभं करा. बाहेरची चंदेरी कड पूर्ण बुडाली पाहिजे. एकाच जागी पाहून उठू नका. आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला, असं चारही टायरांना करा, कारण चाकांची अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचे टायर आतून खाल्लेले असतात आणि विकणारा फोटो नेहमी बाहेरून काढतो.