वढवाण्याचे पाहुणे वाट कशी शोधतात?

डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० च्या सुमारास, शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला. २०२१ साली त्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, तो हिवाळी पाहुण्या पक्ष्यांमुळे. त्यांपैकी डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून येतात. पिल्ले पहिला प्रवास आईवडिलांबरोबर करतात. सूर्य, तारे, नद्या यांची मदत असतेच. पण आभाळ भरून आले तर?

लोहचुंबकाची सुई मधोमध दोऱ्याने टांगून पाहा. ती उत्तर दाखवते, शिवाय आपल्याकडे तिचे उत्तरेचे टोक खाली झुकते. विषुववृत्तापाशी हा झुकाव जवळजवळ नसतो, ध्रुवाकडे वाढत जातो. जर्मनीतील विल्चको दांपत्याने १९७२ मध्ये दाखवले की रॉबिन पक्षी हा झुकावच ओळखतो. चुंबकीय क्षेत्राची उत्तर-दक्षिण टोके बदलली तरी तो फसला नाही; झुकाव उलटा केला, तेव्हा मात्र उलट दिशेला निघाला. ही जाणीव डोळ्यात असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. डोळ्याच्या पडद्यात क्रिप्टोक्रोम नावाचे प्रथिन असते. निळा प्रकाश पडला की त्यात ज्या रासायनिक घडामोडी होतात, त्यांवर चुंबकीय क्षेत्राचा परिणाम होतो. म्हणजे पक्षी उत्तर दिशा चक्क 'पाहत' असेल!

इतके नाजूक यंत्र बिघडतेही. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतले चुंबकीय मोजमाप १९०४ ते १९०६ या काळात अलिबागला हलवावे लागले. तिथली इमारत लोखंड टाळून बांधलेली आहे. वेधशाळा हलवता आली, पक्ष्यांना ती सोय नाही. जर्मनीतल्याच ओल्डेनबुर्ग शहरात लाकडी खोल्यांत ठेवलेल्या रॉबिनना दिशाच सापडेना. कारण ट्रामपेक्षा वेगळे होते: शहरातल्या विजेच्या उपकरणांतून निघणाऱ्या, रेडिओ लहरींसारख्या अतिशय क्षीण लहरी. खोल्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडताच पक्षी पुन्हा योग्य दिशेला वळले. हा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. शहराबाहेर नेलेल्या खोलीत मात्र पत्र्यांची गरजच पडली नाही.