चेरीच्या बियांची शेगडी

आंबा खाऊन झाला की कोय आपण फेकून देतो. पण अशा बिया मालमोटारी भरभरून उरल्या तर? अमेरिकेतील मिशिगन राज्यात उन्हाळ्यात असेच होते. तेथे आंबट चेरीच्या मोठमोठ्या बागा आहेत. कारखान्यात यंत्राने बिया काढून गर डबाबंद करतात किंवा गोठवतात. उरलेल्या बियांपैकी काही हिवाळ्यात घरे उबदार ठेवण्यासाठी शेगडीत जातात.

ही शेगडी आपल्या कोळशाच्या शेगडीसारखी नसते. मूळची ती लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्यांसाठी बनवलेली. एका बाजूला कांड्यांची पेटी, दुसरीकडे छिद्रे असलेली लोखंडी वाटी आणि मध्ये विजेवर फिरणारे मळसूत्र. मळसूत्र थोड्या थोड्या कांड्या वाटीत टाकते, पंखा हवा फुंकतो. चेरीची बी लहान आणि गोल, म्हणून ती मळसूत्रातून सरकते. पीचची बी मात्र अडकून बसेल!

बी जळते कशी? तिचे कवच म्हणजे दाट लाकूडच. नारळाची करवंटीही फळाचे असेच आतले कवच असते, आणि कोकणात पाणी तापवायला करवंट्या वापरतात हे तुम्हाला ठाऊक असेलच.

खरी अडचण आहे ती पाण्याची. एक किलो कोरड्या बियांपासून सुमारे ४५०० किलोकॅलरी उष्णता मिळते. आता एक किलो ओल्या बिया घ्या. त्यांत ३०० ग्रॅम पाणी असेल, तर जळायला उरल्या ७०० ग्रॅम, म्हणजे ३१५० किलोकॅलरी. त्यातूनही पाण्याची वाफ करण्यात १८५ च्या आसपास खर्ची पडतात. शिवाय आग मंदावते, धूर होतो, धुराड्यात काजळी साचते. अर्धवट ज्वलनाने कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही तयार होतो.

बियांना गर चिकटलेला असला तर आणखी एक कटकट. गरातील पोटॅशियमच्या क्षारांमुळे राख कमी तापमानाला वितळते आणि वाटीत तिचे दगडासारखे ढेकूळ बनते. छिद्रे बुजली की हवा बंद! म्हणून बिया आधी धुवायच्या, मग वाळवायच्या. एवढी खटपट आणि वाहतुकीचा खर्च पाहता, हे इंधन कारखान्याच्या आसपासच परवडते असे मला वाटते.

बोरे खाल तेव्हा बिया धुऊन पुसा, वजन करा आणि आठ दिवस उन्हात ठेवून पुन्हा वजन करा. किती पाणी उडाले?