संगणक जुना, हार्ड डिस्क आणायची कोठून?

छपाईचे जुने कार्यालय असो वा लघुउद्योजकाचा कारखाना, डॉस किंवा विंडोज ९८ वर चालणारा एखादा संगणक तेथे आजही जपलेला आढळतो. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर किंवा पॅरलल पोर्टवरील डोंगलखेरीज सुरूच न होणारे सॉफ्टवेअर केवळ त्याच संगणकावर चालते. त्याची हार्ड डिस्क निकामी झाली, की डिस्कच्या किमतीपेक्षा कितीतरी मोलाचे काम अडून पडते.

पहिली अडचण जोडणीची. या संगणकांत 'आयडीई' प्रकारची डिस्क असते. डेस्कटॉपमध्ये तिला ४० पिनांची रुंद पट्टी लागते, तर लॅपटॉपमध्ये ४४ पिनांची जोडणी असते. २००३ पासून बाजारात आलेल्या 'साटा' डिस्कने हळूहळू तिची जागा घेतली. आता मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात शोध घेतला, तरी हाती येण्याची शक्यता असते ती वापरलेल्या डिस्कची. तिचे उर्वरित आयुष्य किती, हे सांगणे कठीण.

दुसरी अडचण क्षमतेची, आणि फसगत होते ती येथेच. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातील अनेक संगणकांचे बायोस ५२८ एमबीपलीकडची जागा ओळखत नाही. नंतरच्या संगणकांत हीच मर्यादा ८.४ जीबी, ३२ जीबी आणि १३७ जीबी अशी वाढत गेली. डिस्कवरील ५१२ बाइटच्या प्रत्येक कप्प्याला २८ बिटांचा क्रमांक देण्याची पद्धत असल्याने १३७ जीबीचा आकडा येतो. मर्यादेपेक्षा मोठी डिस्क लावल्यास संगणक सुरू होतानाच थबकू शकतो. म्हणूनच खरेदीपूर्वी जुन्या डिस्कवरील लेबल आणि बायोसमधील नोंद पाहावी.

छायाचित्रकारांच्या परिचयाचे 'कॉम्पॅक्टफ्लॅश' कार्ड हा यावरील सोपा तोडगा आहे. हे कार्ड आयडीईचीच भाषा बोलत असल्याने साध्या अडॅप्टरवर बसवून डिस्क म्हणून वापरता येते. ते लहान क्षमतेचेही मिळते आणि त्यात फिरणारे भाग नसतात. मात्र 'फिक्स्ड डिस्क' म्हणून ओळखले जाणारे औद्योगिक वापराचे कार्ड घेणे श्रेयस्कर. साटा डिस्क आयडीईला जोडणारे कन्व्हर्टरही उपलब्ध आहेत. परंतु क्षमतेची मर्यादा त्यांनाही चुकत नाही. मास्टर-स्लेव्हचा जंपर योग्य जागी आहे ना, हेही तपासावे.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र डिस्क बंद पडण्यापूर्वीचे आहे. जुनी डिस्क यूएसबी-आयडीई अडॅप्टरने नव्या संगणकाला जोडून तिची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे इमेज, काढून ठेवावी. केवळ फायली उतरवून भागत नाही; कारण सॉफ्टवेअर पुन्हा बसवण्यासाठी लागणाऱ्या मूळ फ्लॉपी बहुधा हरवलेल्या किंवा खराब झालेल्या असतात. नव्या संगणकाने 'फॉरमॅट' करण्याविषयी विचारल्यास नकार द्यावा. डिस्कमधून खटखट आवाज येत असल्यास ती वारंवार सुरू करून पाहू नये. पर्यायी डिस्क उद्याही शोधता येईल. पुसली गेलेली माहिती मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाही.