अफूची गोळी आणि बाबांची झोप

दिवाळीतला अनारसा खसखशीवर थापतात, हे आपण घरोघरी पाहिले आहे. मात्र ते इवलेसे पांढरे दाणे अफूच्या बोंडातलेच, हे अनेकांना ठाऊक नसते. कच्च्या बोंडाला चिरा दिल्यावर पाझरतो तो चीक म्हणजे अफू. बोंड वाळल्यावर आत उरते ती खसखस. दाण्यात मादक द्रव्य जवळजवळ नसते. चिकाचा अंश वरून लागला असेल, तर तेवढाच. म्हणून झोपेसाठी खसखशीचे दूध घेणाऱ्या आजींना मी अडवत नाही. (दुबईला मुलाकडे निघालात, तर मात्र खसखस वा अनारसे सामानात नकोत, तेथे खसखशीला बंदी आहे.)

ग्रीकांनी हे फूल निद्रादेवतेला वाहिले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने अफूतून वेदनाशामक द्रव्य वेगळे काढले आणि स्वप्नदेव मॉर्फियसच्या नावावरून त्याला नाव दिले. तेच आजचे मॉर्फिन. युरोपात सैनिकांच्या स्मरणार्थ छातीवर लावतात ती तांबडी पॉपी निराळ्या जातीची. आपल्या भाषेत मात्र या वनस्पतीच्या वाट्याला आली ती 'अफूची गोळी', म्हणजे माणसाला गुंगवून ठेवणारी गोष्ट.

या एका शब्दाने किती नुकसान होते, ते मी पाहिले आहे. माझ्या एका वृद्ध रुग्णाचा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांत पसरला होता. मी मॉर्फिनचा विषय काढताच मुलगा म्हणाला, "डॉक्टर, बाबांना अफू नको. त्यांना सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं." मी आग्रह धरला नाही, धरायला हवा होता. आडवे होता येईना म्हणून अकरा रात्री त्या गृहस्थांनी खुर्चीत बसून काढल्या. अखेर वेदनाशमन केंद्रात गोळ्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ते अंथरुणावर उशीला टेकून वर्तमानपत्र मागत होते.

कर्करोगाच्या वेदनेसाठी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन क्वचितच लागते. ते 'शेवटचे औषध'ही नव्हे. वेदना तीव्र असेल, तेव्हाच ते सुरू करायचे. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वाट थोडी मोकळी केली.

घरी रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांनो, गोळी दुखू लागण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्या. पहिले काही दिवस मळमळ व गुंगी येते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही. म्हणून रेचक पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. मद्य नको, झोपेच्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल किंवा श्वास फार मंदावला असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठा. औषध एकाएकी बंद करू नका. गोळ्या कुलपात ठेवा, आणि त्यांतली एकही आजींच्या गुडघ्यासाठी काढू नका.