मोटारीचे चाक बदलताना

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मंडळींना हसू आले असेल. ज्या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण आणि साहित्य यांवर व्याख्याने व्हावयाची, तेथे हे मोटारीचे चाक कोठून आले? आमचे उत्तर सरळ आहे. आमचे आयुष्य तंत्रशाळेत मुलांना कानस धरावयास शिकविण्यात गेले, आणि आम्हांला जे येते तेच आम्ही सांगणार.

बैलगाडीचे चाक तयार होताना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. सुतार तुंबा घडवी, त्यात आरे ठोकी, आऱ्यांवर पाटे जोडी. मग लोहार लोखंडी धाव तापवून तीवर चढवी आणि पाणी ओती. धाव आकसे आणि सारे चाक आवळून धरी. या सबंध खटाटोपात चाक दिसते कसे हा प्रश्न शेवटी येई. पहिला प्रश्न एकच असे : तुंबा आसावर नीट बसतो की नाही? आज आम्ही ज्या चाकाविषयी बोलणार आहोत ते मिश्रधातूचे आहे, जपानातले आहे, आणि एका दोन दारांच्या वेगवान मोटारीचे आहे. परंतु पहिला प्रश्न तोच आहे.

ही मोटार म्हणजे टोयोटा ८६. ती २०१२ साली बाजारात आली. तिचे जुळे भावंड सुबारू बीआरझेड या नावाने विकले गेले, आणि दोन्ही गाड्या सुबारूच्या गुन्मा येथील कारखान्यात तयार झाल्या. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे. अशा गाडीचे मालक बहुधा तरुण असतात आणि गाडी घेतल्यावर त्यांची पहिली इच्छा चाके बदलण्याची असते. त्या इच्छेला आम्ही नावे ठेवीत नाही. हलक्या चाकाने गाडीला खरोखर फायदा होतो. स्प्रिंगच्या खाली असलेले वजन जितके कमी, तितके चाक खाचखळग्यांवरून रस्त्याला चिकटून धावते. शिवाय चाकाला नुसते पुढे न्यावयाचे नसून फिरवावयाचेही असते. म्हणून कडेचे वजन कमी झाले की गाडी वेग घेताना आणि थांबताना इंजिन व ब्रेक यांचे श्रम कमी होतात. मात्र चाक मोठे झाले म्हणजे ते हलके झाले असे नव्हे. अठरा इंची ओतीव चाक मूळच्या सतरा इंची चाकापेक्षा जड निघणे अगदी शक्य आहे. ओतीव चाकात वितळलेला धातू साच्यात ओततात. घडीव चाकात धातूचा गोळा प्रचंड दाबाखाली घडवितात. घडीव चाक तेवढ्याच बळासाठी कमी धातूत होते आणि अर्थातच महाग असते.

आता मापांकडे वळू. पहिले माप नटांच्या वर्तुळाचे. या गाडीला प्रत्येक चाकास पाच नट आहेत आणि त्यांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास १०० मिलिमीटर आहे. कारागीर यालाच पी.सी.डी. म्हणतात. पुष्कळ जपानी गाड्यांत हा व्यास ११४.३ मिलिमीटर, म्हणजे बरोबर साडेचार इंच असतो. पाच भोके दोहोंतही आहेत, म्हणून नुसती भोके मोजून चाक विकत घेणारा फसतो.

दुसरे माप मधल्या भोकाचे. या गाडीच्या हबचा, म्हणजे आपल्या भाषेत तुंब्याचा, पुढे आलेला गोल भाग ५६.१ मिलिमीटरचा आहे. बाजारातल्या पुष्कळ चाकांचे मधले भोक मुद्दाम मोठे, ७३ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. एकच चाक अनेक गाड्यांना चालावे हा हेतू. मग मध्ये जी फट उरते ती भरून काढावयास एक कडे बसवावे लागते. हे कडे भार वाहत नाही. नट आवळल्यावर चाक आणि हब यांचे सपाट चेहरे एकमेकांवर घट्ट दाबले जातात आणि त्यांच्या घर्षणावर गाडीचा भार तोलला जातो. कड्याचे काम चाक आवळले जाईपर्यंत ते बरोबर मध्यावर धरण्याचे. ते काम किती महत्त्वाचे? या गाडीच्या टायरचा घेर सुमारे १.९६ मीटर आहे. ताशी १०० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सुमारे १४ फेरे घेते. चाक केसभर जरी एका बाजूला बसले, तरी तेवढेच धक्के दर सेकंदाला स्टिअरिंगवर बसतात.

तिसरे माप ऑफसेटचे, आणि हेच लोकांना सर्वांत कमी समजते. चाकाच्या रुंदीच्या बरोबर मध्यावर एक रेघ कल्पावी. चाकाचा जो चेहरा हबला टेकतो तो या रेघेच्या बाहेरच्या बाजूस किती आहे, तो ऑफसेट. मूळ चाक ७ इंच रुंद आणि ४८ मिलिमीटर ऑफसेटचे आहे. समजा आपण ८ इंच रुंद आणि ४५ ऑफसेटचे चाक घेतले. एक इंच रुंदी वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंस १२.७ मिलिमीटर. ऑफसेट ३ ने कमी झाला, म्हणजे सारे चाक ३ मिलिमीटर बाहेर सरकले. तेव्हा बाहेरची कड १५.७ मिलिमीटर बाहेर गेली आणि आतली ९.७ मिलिमीटर आत, शॉक-ॲब्सॉर्बरच्या दिशेने. तेच ऑफसेट ३० घेतले तर बाहेरची कड ३०.७ मिलिमीटर पुढे येते. मग टायर मडगार्डला घासण्याची भीती, आणि बेअरिंगवर वाकविणारा जोर वाढतो तो वेगळाच. एवढी बेरीज-वजाबाकी कागदावर करावयास दोन मिनिटे लागतात. ती न करता घेतलेली चाके परत करावयास महिना लागतो.

चौथे माप टायरचे. मूळ टायर २१५/४५ आर १७. त्याचा व्यास ६२५ मिलिमीटर. २२५/४५ आर १७ घातला तर व्यास ६३४ होतो, म्हणजे दीड टक्क्याच्या जवळपास वाढ. गाडी तेवढी अधिक धावते आणि वेगदर्शक तेवढे कमी सांगतो. २१५/४० आर १८ घातला तर व्यास ६२९, म्हणजे जवळजवळ मूळचाच. त्याखेरीज आरे ब्रेकच्या कॅलिपरला घासत नाहीत ना, चाकावर कोरलेली भारक्षमता गाडीला पुरेशी आहे ना, हेही पाहावे. जपानात चाकावर जे.डब्ल्यू.एल. ही अक्षरे असतात, म्हणजे सरकारी तांत्रिक मानकाप्रमाणे ते घडविल्याची निर्मात्याची ग्वाही. व्ही.आय.ए. हे चिन्ह असेल तर त्रयस्थ संस्थेकडे त्याची नोंद झालेली असते.

आता नटांची गोष्ट. आमचा पुतण्या नागोया शहराजवळ नोकरीस आहे. त्याने वापरलेली ८६ घेतली आणि आम्ही त्याच्याकडे पाहुणे असताना तिला नवी चाके बसविण्याचा बेत केला. दुकानदाराने गाडीच्या नाकावरचे टोयोटाचे चिन्ह पाहून नटांचा एक डबा काढून दिला. पुतण्या हाताने नट लावू लागला. दोन फेऱ्यांनंतर नट अडला.

“काका, रंग लागला असेल आट्यांना. यंत्राने आवळला की बसेल,” तो म्हणाला. कारागिराने वाऱ्यावर चालणारे यंत्र उचललेच होते.

आम्ही त्याला थांबविले. आमच्या पिशवीत आटे मोजण्याची पट्टी असते; तंत्रशाळा सुटली तरी खोड सुटत नाही. नटावर दीड मिलिमीटरचे आटे होते, गाडीच्या स्टडवर सव्वा मिलिमीटरचे. टोयोटाच्या बहुतेक गाड्यांना १२ मिलिमीटर जाड आणि दीडचे आटे लागतात. परंतु ही गाडी सुबारूच्या कारखान्यातली. तिचे हब, तिचे वर्तुळ, तिचे आटे सारे सुबारूचे. नाव एकाचे आणि तुंबा दुसऱ्याचा! यंत्राने तो नट बसला असता, यात संशय नाही. आटे कापीत बसला असता, वरून घट्टही दिसला असता, आणि पुढे महामार्गावर केव्हा तरी सुटला असता. सुटलेले चाक गाडीतल्या माणसालाच इजा करते असे नव्हे. ते समोरून येणाऱ्या निरपराध माणसावरही जाऊन आदळते.

म्हणून बसविण्याची रीत सांगून आम्ही आटोपते घेतो. हबचा चेहरा तारेच्या ब्रशाने गंज काढून स्वच्छ करावा. कडे बसवावे. नटाची बैठक चाकाच्या बैठकीशी जुळते, निमुळत्यास निमुळती आणि गोलास गोल, याची खात्री करावी. आट्यांना तेल लावू नये. त्याने नट ठरल्यापेक्षा अधिक ताणला जातो. प्रत्येक नट निदान पाच-सहा फेरे बोटांनीच फिरवावा. मग एक सोडून एक, चांदणी काढल्याप्रमाणे आवळावा. टायर जमिनीला टेकवून टॉर्क-पान्याने १२० न्यूटन-मीटरवर शेवटचा आवळ द्यावा. पन्नास ते शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा तपासावा.

कायद्याचेही भान ठेवावे. जपानात चाक मडगार्डच्या बाहेर आलेले तपासणीत चालत नाही. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असे फेरफार करण्यास मनाई आहे. तेव्हा आपल्या गाडीच्या पुस्तिकेत कोणती मापे दिली आहेत ती आधी वाचावीत.

त्या दिवशी पुतण्याने योग्य नट दुसऱ्या दुकानातून आणले. ते बोटांनीच शेवटपर्यंत सहज फिरले. संध्याकाळी तो म्हणाला, “काका, गाडी छान दिसते.” आम्ही म्हटले, “दिसते ते सगळ्यांना दिसते. तू उद्या शंभर किलोमीटर झाले की पाना हातात घे.” त्याने तो घेतला, आणि एक नट थोडासा फिरला.